कुंडीतला कढीपत्ता, मोगरा, जास्वंद हिवाळ्यात घरात कसे टिकवायचे? (न्यू जर्सी)

मंजिरी_एडिसन · २४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. शोधून बघितलं पण सगळीकडे तुकड्यातुकड्यात माहिती आहे म्हणून सरळ विचारतेच. आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सी, झोन ७ (हिवाळा किती कडक त्यावरून बागकामासाठी पाडलेले इथले पट्टे). माझा हा इथला तिसरा हिवाळा आणि आधीच्या दोन्ही हिवाळ्यांत माझ्या हातून झाडं गेलीत, त्यामुळे घरात माझ्या बागकामाला आता कोणी सिरियसली घेत नाही.

पहिल्या वर्षी कढीपत्ता गेला. किचनच्या खिडकीत ठेवला होता, सिंकशेजारीच, मग भांडी घासता घासता रोज त्याला थोडं पाणी, कारण घर एवढं तापतंय तर त्यालाही तहान लागत असेल असं मला वाटायचं. डिसेंबरात पानं पिवळी पडली, मी अजून पाणी घातलं, मग सगळी गळली, मी अजून घातलं, आणि फेब्रुवारीत उपटून बघितला तर मुळं काळी आणि नाक धरावं असा वास. दुसऱ्या वर्षी जास्वंद. "कळ्या आहेत, अजून आठवडाभर राहू दे बाहेर" असं करत करत ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री दव गोठलं आणि सकाळी बघते तर पानं शिजवलेल्या पालकासारखी लोंबतायत.

यावर्षी डेकवर आहेत: कढीपत्ता (नवीन, साधारण तीन फूट), मोगरा (यावर्षी जुलैत रोज ओंजळभर फुलं दिलीत, त्यामुळे हा गेला तर मी रडणार), दोन जास्वंदी, एक आपली लाल पाच पाकळ्यांची आणि एक पिवळी, आणि मैत्रिणीने दिलेली चाफ्याची फांदी जिला आता पाच-सहा पानं आलीत. घर टाउनहाउस आहे. दक्षिणेला एकच मोठं स्लायडिंग डोअर, त्याच्या पायाशीच हीटिंगचं व्हेंट, म्हणजे गरम हवा येते ती जाळी. बेसमेंटला खिडकी नाही, तिथे फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, आहे. गॅरेज घराला लागून आहे पण हीटिंग नाही.

कुणाला कुठे ठेवू, पाणी किती, आणि आत कधी आणू? नवरा म्हणतो हे घर आहे की नर्सरी. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

बर्फातली_काकू · २४ सप्टेंबर

अगं मंजिरी, तुझी पहिल्या वर्षीची गोष्ट वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. मी मिनियापोलिसला आहे, इथे आल्याला चौदा वर्षं झाली, सध्या अकरा कुंड्या आहेत आणि त्यातला मोगरा नऊ वर्षांचा आहे. म्हणजे न्यू जर्सीच्या थंडीला तू घाबरायचं काही कारणच नाही.

आधी एक लक्षात घे. तुझ्या कढीपत्त्याला थंडीने मारलं नाही, पाण्याने मारलं. आपल्याला वाटतं घर गरम आहे म्हणजे झाड खूश. पण डिसेंबरात उजेड कुठे आहे? आमच्याकडे २१ डिसेंबरला दिवस पावणेनऊ तासांचा, तुझ्याकडे सव्वानऊचा असेल. पुण्यात अगदी त्या दिवशीसुद्धा अकरा तास असतो आणि तोही खणखणीत, इथला तो आजारी माणसासारखा उजेड नाही. उजेड नाही म्हणजे झाड काही करतच नाहीये, पाणी पीत नाहीये, आणि तू त्याच्या तोंडात चमच्याचमच्याने ओततेयस. हिवाळ्यात झाड वाढवायचं नसतं गं, नुसतं मरू द्यायचं नसतं.

आत कधी आणायचं, तर फ्रॉस्टची वाट बघायची नाही. रात्रीचं तापमान सलग चार-पाच दिवस ५० ते ५५ फॅरनहाइटवर यायला लागलं (सेल्सियसमध्ये १० ते १३) की आणायचं. आमच्याकडे हे सप्टेंबरच्या मध्यालाच होतं, तुमच्याकडे बहुतेक ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. अजून एक कारण म्हणजे तोपर्यंत घरात हीटिंग सुरू झालेलं नसतं. बाहेरची दमट हवा आणि आतली भट्टीची हवा यात झाडाला एकदम फरक पडला की ते पानं टाकतं. खिडक्या उघड्या असतानाच आत आलं तर त्याला कळतही नाही.

आणायच्या आधीचं काम मात्र अजिबात टाळू नकोस, तिथेच निम्मा हिवाळा ठरतो. होजपाइपने पानं खालच्या बाजूने धू, वरून नाही, खालून, कारण सगळे पाहुणे तिथेच बसलेले असतात. मावा, पांढरी माशी, लाल कोळी. मग इन्सेक्टिसायडल सोप फवार, म्हणजे बाटलीवर तसं लिहिलेलं असतं ते, भांड्यांचं लिक्विड नको, त्याने पानं करपतात. आठवड्याने परत फवार. कुंडीच्या वरची इंचभर माती काढून नवीन घाल. कुंडी उचलून बुडाशी बघ, मुंग्या आणि गोगलगायी तिथे संसार थाटून असतात. मी एकदा हे सगळं न करता सरळ आत आणली, तर नोव्हेंबरात देवघरापर्यंत मुंग्यांची रांग.

जास्वंद एक तृतीयांश छाट बिनधास्त. मोठ्या कुंडीत आत्ता हलवू नकोस, ते मार्चमध्ये. खत ऑक्टोबरपासून पूर्ण बंद, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत.

आता स्लायडिंग डोअर. जागा छान आहे पण ते व्हेंट बंद कर, नाहीतर त्यावर वारा दुसरीकडे वळवणारं प्लास्टिकचं झाकण मिळतं ते लाव. गरम कोरडा झोत सरळ पानांवर आला तर कुणीच वाचणार नाही. आणि कुंड्या डायरेक्ट फरशीवर नकोत. काचेजवळची फरशी बर्फासारखी गार असते, वरून ऊन लागतंय म्हणून पानं पाणी मागतात आणि खाली मुळं गारठून पडलेली असतात, ती पाणी देऊ शकत नाहीत, मग झाड पानं टाकतं. लिंबाचं आणि कढीपत्त्याचं हे नेहमीचं, दोघं एकाच कुळातले. मी जुने जेवायचे पाट वापरते. सासूबाईंनी साताऱ्याहून कौतुकाने पाठवलेले, त्यांना माहीत नाही त्यावर काय बसलंय.

पाण्याचं म्हणशील तर वार ठरवून घालायचं नाही. बोट दोन पेरं आत घाल, आत ओलं लागलं तर परत फिर. त्यापेक्षा चांगलं म्हणजे कुंडी थोडी उचलून बघ. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं, सिलेंडर संपत आल्यावर कळायचं ना तसं. हलकी लागली की कोमट पाणी बुडातून बाहेर येईपर्यंत घाल आणि ताटलीतलं सांडलेलं फेकून दे. मग परत हलकी होईपर्यंत ढुंकून बघायचं नाही. माझ्या कढीपत्त्याला जानेवारीत अठरा-वीस दिवसांतून एकदा पाणी मिळतं.

शक्य असेल तर साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा, घे, जांभळा नको, घरात डान्स बार वाटतो. फूट-दीड फुटावर, टायमर लावून बारा-चौदा तास. मोगऱ्याला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

गॅरेजवाला · २५ सप्टेंबर

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त चाफ्याचं सांगतो, कारण त्याला स्लायडिंग डोअरची जागा देऊ नका, वाया जाईल.

चाफा हा झोपाळू प्राणी आहे. पानं गळली की त्याला उजेड लागत नाही, पाणी लागत नाही, काही लागत नाही. मी पार्सिपनीला आहे, माझे चार आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी बंद करतो, पानं पिवळी होऊन गळतात, उरलेली कापून टाकतो, आणि कुंडी बेसमेंटमध्ये फर्नेसच्या खोलीत कोपऱ्यात. अंधारात. एप्रिलपर्यंत. मधे एखाद्या महिन्यात खोड फारच सुरकुतलेलं वाटलं तर अर्धा कप पाणी, बस. दाबून बघायचं, घट्ट लागलं तर जिवंत, केळ्यासारखं दबलं तर कुजलं. तुमची फांदी पहिल्याच वर्षाची आहे, मुळं कमी असतील, त्यामुळे तुम्ही तो अर्धा कप महिन्यातून एकदा द्याच.

गॅरेजमध्ये नको. माझं गॅरेज घराला लागूनच आहे, जानेवारीत ४० फॅरनहाइटवर (साधारण ४ सेल्सियस) येतं, एकदा दार उघडं राहिलं रात्री तेव्हा ३० च्या खाली, म्हणजे गोठणबिंदूच्याही खाली गेलं होतं. चाफ्याला ५० च्या खाली नको. एक वीस डॉलरचा मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर घ्या आणि आत्तापासून गॅरेजमध्ये टांगून ठेवा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका, अंदाजात मी दोन झाडं घालवलीत.

बोगनवेल असती तर गॅरेज बेस्ट होतं. ती पानं टाकून गारठ्यात छान बसते. आणि अंजीर. माझ्या शेजारचे इटालियन आजोबा अंजीर बाहेर जमिनीतच ठेवतात, थंडीत त्याला गोधड्या, ताडपत्री गुंडाळून वर बादली पालथी घालतात, लांबून बघितलं तर अंगणात कुणीतरी उभं आहे असं वाटतं. पहिल्या वर्षी माझी मुलगी घाबरली होती.

सदाशिव_पेठी · २५ सप्टेंबर

पुण्यातून वाचतोय आणि करमणूक होतेय. आमच्या सोसायटीत बुलबुल बिया टाकतात आणि पार्किंगच्या फटीत कढीपत्ता उगवतो, वॉचमन दर पावसाळ्यात तोडतो, तरी परत येतो. आणि तुम्ही त्याला पाटावर बसवताय! भाजीवाली कोथिंबिरीबरोबर फुकट देते हो.

गंमत सोडा. एक खरंच विचारायचंय, दर वसंतात नवीन जास्वंद विकत घेतली तर काय बिघडलं? वीज, लाइट, कष्ट याचा हिशोब केला तर नवीन कुंडी स्वस्त पडेल. बाकी कढीपत्त्याला आंबट ताक घाला, आमच्या आजीपासूनचं आहे, पानं काळीशार होतात.

बर्फातली_काकू · २५ सप्टेंबर

सदाशिवराव, हिशोब केला तर आपण कुणीच इथे आलो नसतो :)

जास्वंदीचं तुमचं म्हणणं पटतं तसं. पिवळी वगैरे हायब्रिड मे महिन्यात सगळीकडे मिळते, ती गेली तर गेली. पण लाल गावठी पाच पाकळ्यांची इथे शोधून सापडत नाही आणि गणपतीला तीच लागते. मोगराही दुकानात मिळतो तो बारका, मोठा व्हायला तीन वर्षं जातात.

ताक उन्हाळ्यात बाहेर घालावं, पातळ करून, मीही घालते. हिवाळ्यात घरात नको हो. मंजिरी, ऐकतेयस ना?

डलासकर · २६ सप्टेंबर

मंजिरीताई, मी डलासचा, त्यामुळे माझं म्हणणं तुम्हाला किती उपयोगी पडेल माहीत नाही, आमच्याकडे वर्षातले जेमतेम काही दिवस फ्रीझ असतो, बाकी वेळ झाडं बाहेरच, फक्त रात्री गोठणार असलं तर चादर टाकायची किंवा गॅरेजमध्ये ढकलायची असं चालतं आणि त्यामुळेच आम्ही बेसावध असतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ती मोठी थंडी आली, १६ तारखेला डलासला उणे २ फॅरनहाइट (सेल्सियसमध्ये उणे १९) होतं, वर लाइट गेलेली, घरातच थंडी तर गॅरेजमध्ये काय असणार. माझा आठ वर्षांचा कढीपत्ता, छताला टेकला होता, लोक पानं न्यायला यायचे, तो गेला म्हणून मी सोडून दिला. वरचं सगळं लाकूड वाळलं. कंटाळा केला म्हणून कुंडी फेकली नाही, कोपऱ्यात पडून होती, आणि मेच्या शेवटी बुडातून तीन कोंब. तेव्हापासून मी कुठलंही झाड जूनच्या आधी फेकत नाही.

सांगायचं हे की कढीपत्ता वरून मेला तरी खालून जिवंत असू शकतो, फक्त मुळं कुजलेली नकोत. नखाने सालीवर बारीक ओरखडा काढून बघा, आत हिरवं दिसलं तर आहे. तपकिरी दिसलं तर थोडं खाली येऊन परत.

अजून एक, नवीन रोप हवंच झालं तर तुमच्याच राज्यातल्या नर्सरीतून घ्या. इकडून कुणी प्रेमाने कुरियर करतो म्हणालं तरी नको म्हणा. कढीपत्त्यावर सिट्रसची ती सायला कीड राहते, तिच्यातून संत्र्या-लिंबाच्या बागांना ग्रीनिंग रोग लागतो, म्हणून टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातून रोपं हलवण्यावर निर्बंध आहेत. भारतातून तर ताजी पानंसुद्धा आणायची नाहीत. माझ्या मेव्हण्याने डब्यात आणली होती, एअरपोर्टवर डबा गेला, वर लेक्चर.

म्युनिकमधून · २७ सप्टेंबर

इथे जर्मनीत हा विषय लोक फार गंभीरपणे घेतात. कुंडीतल्या झाडांचा हिवाळा हा एक वेगळा शब्दच आहे, आणि ज्यांच्याकडे जागा नाही ते ऑक्टोबरात आपली झाडं चक्क नर्सरीच्या ग्रीनहाउसमध्ये भाड्याने ठेवतात, वसंतात परत घेऊन येतात. आपल्याकडे गुरं चाऱ्याला पाठवायचे तसं.

इथल्या शेजारीणबाईंनी मला जो नियम शिकवला तो सांगतो, कारण त्यात तुमच्या पाचही कुंड्यांचं उत्तर आहे. उजेड आणि ऊब यांची जोडी जुळली पाहिजे. जागा जितकी उबदार तितका उजेड जास्त हवा. उजेड कमी असेल तर जागा गार हवी, म्हणजे झाड शांत राहतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे उबदार आणि अंधारी, तिथे झाडाला वाटतं वाढायचंय आणि वाढायला खाणं नसतं, मग ते फिकट, लांबट, दोऱ्यासारखे कोंब काढून स्वतःलाच खात बसतं. तुमचं किचन बहुतेक तसंच असणार. (चाफा याला अपवाद, कारण तो पानंच ठेवत नाही.)

जुने राजेसुद्धा हेच करायचे. व्हर्सायला जी ऑरेंजरी आहे, १६८४ ते १६८६ मध्ये बांधलेली, ती याच कामासाठी. दक्षिणेला तोंड, उंच खिडक्या, जाड भिंती. हजारांवर झाडं लाकडी पेट्यांत, ऑक्टोबरच्या मध्याला आत आणि मेच्या मध्याला बाहेर, आजही. मी मुलांना घेऊन गेलो होतो, मुलं कारंजी बघत होती आणि मी पेट्यांच्या बिजागऱ्या. त्यांची एक बाजू उघडते, मुळं तपासायला.

बाहेर कधी काढायची याचीही इथे म्हण आहे. ११ ते १५ मे या पाच दिवसांना बर्फाचे संत म्हणतात, शेवटची 'थंड सोफी'. सोफी जाईपर्यंत नाजूक झाड बाहेर नाही. मी एकदा शहाणपणा केला आणि ५ मेला मोगरा बाहेर ठेवला. असो.

माझ्या मते जास्वंद तुमच्याकडच्या सगळ्यात गार पण उजेडाच्या खोलीत ठेवा, १५ सेल्सियसच्या आसपास, तिला ते बरं वाटतं आणि मावाही कमी होतो. कण्हेर कुणाकडे असेल तर तिची घाई नको, ती शून्याच्या थोडं खालीही सोसते.

गॅरेजवाला · २७ सप्टेंबर

जास्वंदीवरून आठवलं. तुमची पिवळी नक्की ट्रॉपिकलच आहे ना? इथे हार्डी हिबिस्कस पण विकतात, ताटलीएवढी फुलं येतात त्यांना. पानं चकचकीत गडद हिरवी असतील तर आपली, आत घ्या. पानं मळकट, बिनचमकीची असतील तर हार्डी असायची शक्यता आहे, ती जमिनीत बाहेरच राहते, वरून मरते आणि जूनमध्ये खालून येते. माझ्या बायकोने हार्डीवाली चार महिने हॉलमध्ये सांभाळली होती.

मंजिरी_एडिसन · २८ सप्टेंबर

बापरे किती छान उत्तरं. पिवळीची पानं चकचकीत आहेत म्हणजे ट्रॉपिकलच. काकू, पाट नाहीयेत पण एक जुना चौरंग आहे तो काढते. थर्मामीटर ऑर्डर केला. वरती गेस्टरूम आहे पूर्वेला, तिथलं व्हेंट आम्ही बंदच ठेवतो, जास्वंदी तिकडे जातील. पाहुणे आले तर बघू.

मंजिरी_एडिसन · १९ जानेवारी

परत आले, वाईट बातमी घेऊन. चाफा बेसमेंटमध्ये झोपलाय, त्याचं ठीक. जास्वंदी थोडी पानं गाळून पण बऱ्या आहेत, लालला तर काल एक फूल आलं, बाहेर आठ इंच बर्फ आणि आत ते फूल, मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

पण कढीपत्त्याचं एकही पान उरलं नाही. एकही. नुसत्या काड्या. पाणी मी खरंच कमी घालत होते, वजन बघून. आणि मोगऱ्याची पानं राखाडी-ठिपक्याठिपक्यांची झालीत, खाली बारीक जाळं दिसतंय.

आणि आता खरं सांगते, रागावू नका. डिसेंबरात आईचा व्हिडिओ कॉल होता, तिने कढीपत्ता बघितला आणि म्हणाली अगं ताक घाल त्याला, सुकलंय बिचारं. मी घातलं. दोनदा. आता घरभर चिलटं आहेत, चहात पडतायत, आणि नवऱ्याला नर्सरीच्या पुढचा शब्द सापडलाय तो मी इथे लिहीत नाही.

बर्फातली_काकू · १९ जानेवारी

सांगितलं होतं ना गं! बरं, आईला काही बोलू नकोस, तिकडे ते बरोबरच आहे.

चिलटं आधी. ती ओल्या मातीत वाढतात, म्हणून वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी होऊ दे, ताकाचा थर खरवडून टाक. पिवळे चिकट कागद मिळतात ते कुंडीत खोच, उडणारी त्यात अडकतील. मातीतल्या अळ्यांसाठी डासांच्या अळ्या मारायचे बीटीआयचे (एका जिवाणूपासून केलेले) दाणे मिळतात, ते पाण्यात भिजवून ते पाणी घालायचं, पण कढीपत्त्याला पाणी द्यायची वेळ येईल तेव्हाच, चिलटांसाठी म्हणून मुद्दाम नाही. तीन आठवड्यांत जातील. चहावर झाकणी ठेव तोपर्यंत.

मोगऱ्यावर लाल कोळी आहे. गरम कोरडी हवा त्याला फार आवडते. कुंडी बाथटबमध्ये ने, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांध म्हणजे माती भिजणार नाही, आणि हँड शॉवरने पानं खालून जोरात धू, कोमट पाण्याने. मग सोप फवार पानांच्या दोन्ही बाजूंनी. आणि हे एकदा करून सोडायचं नाही, दर चार-पाच दिवसांनी, निदान चार वेळा, कारण अंड्यांना काही होत नाही, ती फुटून नवीन बाहेर येतात. सगळ्यात खराब फांद्या सरळ कापून टाक, मोगऱ्याला छाटणीचं वाईट वाटत नाही, उलट फुलं नव्या फुटीवर येतात.

लोक तुला सांगतील स्प्रे बाटलीने पाणी मार, ह्युमिडिटी वाढते. पाच मिनिटं वाढते. खडे आणि पाण्याचं ताट ठेवूनही फार काही होत नाही असं माझं मत झालंय. ह्युमिडिफायर लाव नाहीतर कुंड्या एकमेकांजवळ ठेव. माझा मोगरा बाथरूममध्ये राहतो, तिथे खिडकी आहे, आम्ही सगळे त्याला नमस्कार करून अंघोळ करतो.

कढीपत्त्याला काही झालेलं नाही, झोपलाय. डलासकरांनी सांगितलं तसं नखाने बघ.

मंजिरी_एडिसन · २० जानेवारी

बघितलं! वरच्या टोकांना तपकिरी, पण खाली वीतभर खोड हिरवंगार!!

डलासकर · २० जानेवारी

मग आता हात मागे बांधून बसा. पानं नाहीत म्हणजे पाणी प्यायला कुणी नाही, महिनाभर पाणी नाही दिलं तरी चालेल. हा काळ सगळ्यात कठीण, झाडासाठी नाही, आपल्यासाठी.

मंजिरी_एडिसन · १४ एप्रिल

कढीपत्त्याला सात कोंब!! मार्चच्या मध्याला पहिला दिसला, खोडाला बारीक हिरवा तीळ, मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मोगरा धुऊन धुऊन वाचला, अर्धा कापला, आता पोपटी पानं येतायत. पिवळी जास्वंद मात्र गेली, तिला गेस्टरूम मानवली नाही का काय, फेब्रुवारीत एकदम मान टाकली.

आज बाहेर ७२ फॅरनहाइट (२२ सेल्सियस) आहे आणि ऊन एवढं मस्त पडलंय. काढू का सगळ्यांना डेकवर? दिवसभर?

म्युनिकमधून · १४ एप्रिल

नाही!

गॅरेजवाला · १४ एप्रिल

दिवसभर नको. सहा महिने काचेमागे राहिलेली पानं आहेत, डायरेक्ट उन्हात दोन तासांत पांढरी पडून करपतील. मी केलंय. पहिले दोन-तीन दिवस पूर्ण सावलीत, एक-दोन तास, संध्याकाळी आत. मग सकाळचं कोवळं ऊन. असं वाढवत आठ-दहा दिवस. वारा असेल त्या दिवशी सुट्टी. रात्री बाहेर मदर्स डेनंतरच, म्हणजे मेचा दुसरा रविवार, आणि तेव्हाही फोनवर रात्रीचं तापमान बघून, ५० च्या वर असलं तरच. इथे एप्रिलचं ऊन फार फसवतं.

बर्फातली_काकू · १५ एप्रिल

शाब्बास गं मंजिरी. कढीपत्त्याची वाळकी टोकं हिरव्या भागापर्यंत कापून टाक. एक नंबर मोठी कुंडी दे, एकच नंबर, बादली नको. खत आता सुरू कर, हलकं. आणि उन्हाळ्यात त्याला फुलांचे गुच्छ आले तर खुडून टाक, पानं जास्त येतील. पहिलं खुडलेलं पोह्यात घाल.

हो, आणि आता ताक घाल, बाहेर ठेवल्यावर. आईला फोटो पाठव.

सदाशिव_पेठी · १५ एप्रिल

सात कोंबांसाठी सात महिने. आमच्या वॉचमनला हा धागा वाचून दाखवला, तो म्हणाला पार्किंगमधलं झाड यावर्षी तोडत नाही.

मंजिरी_एडिसन · १८ मे

सगळे बाहेर गेले. या वेळी कुंड्या नवऱ्याने उचलल्या, न सांगता, आणि डेकवर कुठली कुठे ठेवायची यावर मलाच सल्ले देतोय. मोगऱ्याला तीन कळ्या मोजल्यात.

एकच विचारायचं राहिलं. चाफा बेसमेंटमधून वर आणून तीन आठवडे झाले, उन्हात आहे, दाबून बघितला तर घट्ट आहे, पण पान काही नाही. पाणी घालू का थोडं?

गॅरेजवाला · १८ मे

नको. टोकाला हिरवी चोच दिसू दे, ती उघडून पानं दोन-तीन इंचांची होऊ देत, मग घाला.

मंजिरी_एडिसन · १८ मे

अर्धा कप पण नको?

गॅरेजवाला · १८ मे

ताई.